भाच्याला निरीक्षणगृहात ठेवलंय, ताई-दाजींनी आता काय करावं?

पाऊलखूण:
पुण्यातली गोष्ट आहे. माझ्या ताईचा मुलगा १६ वर्षं १० महिन्यांचा, यंदा बारावीला. क्लासबाहेर भांडण झालं, त्यात एका मुलावर कोयत्याचे वार झाले. तो मुलगा दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे. एफआयआरमध्ये चार जण आहेत, त्यातला एक १९ वर्षांचा. कलम १०९ (खुनाचा प्रयत्न) लावलंय. काल बाल न्याय मंडळापुढे नेलं आणि येरवड्याच्या निरीक्षणगृहात ठेवलं. पुढची तारीख गुरुवारी.

ताईला कोणीतरी सांगितलं की आता मोठ्यांसारखा खटला चालणार. दाजी म्हणतात, जखमी मुलाच्या घरी जाऊन पाय धरतो. एक जण पंचवीस हजारांत "आतून" काम करून देतो म्हणतोय. मी मामा, साताऱ्याला असतो. गुरुवारपर्यंत नेमकं काय करायचं?

उंबरठा:
आधी ताईंची भीती. मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हा प्रश्न मुलगा १६ पूर्ण असेल आणि गुन्हा "निर्घृण" वर्गातला असेल तरच येतो. त्या वर्गात यायला गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असावी लागते. भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं ३०७, यात कमाल शिक्षा मोठी आहे, पण किमान सात वर्षांची अट नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गुन्हे या वर्गात येत नाहीत असं सांगितलं, आणि २०२१ च्या दुरुस्तीने बाल न्याय कायद्यातच त्यांना "गंभीर" वर्गात घातलं. त्यामुळे आजच्या कलमावर ही चौकशी मंडळापुढेच चालेल.

तरी एफआयआरची प्रत घेऊन प्रत्येक कलम वाचा. भांडणात मोबाईल किंवा पैसे हिसकावल्याचा उल्लेख असेल आणि कलम ३११ (लुटताना जीव घेण्याचा किंवा गंभीर दुखापतीचा प्रयत्न) लावलं असेल तर त्यात किमान सात वर्षं आहेत, मग चित्र बदलतं. जखमी मुलाचं बरंवाईट झालं तरीही बदलतं. तेव्हाही थेट खटला होत नाही. मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यमापन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटना कोणत्या परिस्थितीत घडली. १९ वर्षांच्या मुलाचा खटला वेगळ्या कोर्टात चालेल, दोघांचा एकत्र चालवता येत नाही.

आता जामीन. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ मध्ये गुन्हा जामीनपात्र आहे की नाही, हे बघितलंच जात नाही. मुलाला सोडायचं, हाच नियम. न सोडायला तीनच कारणं: सोडल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाला बाधा येईल. नाकारलं तर मंडळाला कारणं लिहावी लागतात. त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. जामीन मिळाला पण सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलून घेता येतात.

म्हणूनच दाजींनी जखमी मुलाच्या घरी जाऊ नये. हेतू कितीही चांगला असला तरी दबाव आणला अशी तक्रार झाली की तिसरं कारण आपल्याच हाताने दिलं जातं. उपचाराला मदत करायची असेल तर वकिलामार्फत, मंडळाला सांगून.

पंचवीस हजारवाल्याचा फोनही उचलू नका. शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, मुलाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन १५१००. आणि फोनमधले चॅट, फोटो काहीही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो, आणि त्यात घरचे मोठे अडकतात.

रानजाई:
वरच्या तीन कारणांचं उत्तर कागदावर कुठे येतं, तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसर, जो मुलाच्या घरची परिस्थिती बघून मंडळाला कळवतो) सामाजिक तपासणी अहवालात. पालक वकिलाच्या मागे धावतात आणि याच माणसाला विसरतात. अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा असतो. ते घरी येण्याची वाट बघू नका, उद्याच मंडळाच्या कार्यालयात जाऊन त्यांना भेटा.

सोबत न्यायचं: शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड, दहावीचं प्रमाणपत्र, महापालिकेचा जन्मदाखला, अकरावीची गुणपत्रिका, कॉलेजची हजेरी, क्लासच्या फीच्या पावत्या, आजारपण असेल तर औषधाच्या चिठ्ठ्या. वयासाठी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पहिला, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्डावर विसंबू नका. आपल्याकडे शाळेत घालताना सर्रास १ जून ही जन्मतारीख लावलेली असते. दाखल्यावर तसं असेल आणि जन्मदाखला वेगळं सांगत असेल तर आत्ताच वकिलाला सांगा. नंतर समोरच्याने काढलं की लपवल्यासारखं दिसतं.

अधिकारी विचारतील घरातलं वातावरण, मित्र, व्यसन, आधीच्या तक्रारी. "आमचा मुलगा असा नाहीच" हे उत्तर अहवालाला काहीच देत नाही. तो गुटखा खात असेल, रात्री उशिरा येत असेल तर तसं सांगा, आणि लगेच पुढे आता काय करणार तेही सांगा. एका पानावर त्याचा दिवस मांडा: सकाळी ७ ते ११ कॉलेज, सोडायला कोण, आणायला कोण, संध्याकाळी ५ ते ९ घरी कोण. ही वेळ रिकामी ठेवू नका, मंडळाचे सदस्य नेमकं तिथेच बोट ठेवतात. दाजींची शिफ्ट असेल तर त्या आठवड्यात कोण थांबणार, त्याचं नाव लिहा.

संगत हाच मुद्दा असेल तर तुमचं साताऱ्याचं घर फार कामाचं आहे. "मी याला माझ्याकडे ठेवून घेतो, प्रत्येक तारखेला हजर करीन" असं सहीनिशी लिहून द्या, पत्त्याचा पुरावा जोडा, गुरुवारी स्वतः हजर राहा. मात्र मंडळाच्या परवानगीशिवाय त्याला साताऱ्याला नेऊ नका.

काजवा:
निरीक्षणगृहातल्या भेटीबद्दल. भेटीचे वार आणि सोबत काय चालतं हे अधीक्षकांच्या कार्यालयात आधी विचारा, ओळखपत्र न्या. ताईंनी पहिलं वाक्य "का केलंस?" असं काढू नये. घटनेबद्दल तिथे बोलूच नका, आजूबाजूला ऐकणारे असतात. ते फक्त वकिलाशी. विचारायचं ते असं: जेवतोस का, झोप लागते का, कुणी हात उचलला का. पोलिसांनी मारलं असेल तर गुरुवारी मंडळाला तोंडावर सांगायचं आणि वैद्यकीय तपासणी मागायची, वळ गेल्यावर उपयोग नाही. त्याच्याकडून कुठल्या जबाबावर सही घेतली का, हेही विचारा. नियमाप्रमाणे मुलाची सही घ्यायचीच नसते.

बाकीच्या मुलांच्या पालकांशी "काय सांगायचं" ते ठरवत बसू नका. प्रत्येकाचा वकील वेगळा, हित वेगळं.

ताई रात्रभर जागी असेल. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. घरात लहान भावंड असेल तर त्याला खोटं सांगू नका, शाळेत कळणारच आहे. "दादा एका चौकशीसाठी दुसरीकडे आहे, आपण त्याला भेटायला जातो" एवढं पुरे.

पाऊलखूण:
खूप आधार वाटला. अजून दोन गोष्टी. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो नावासकट फिरतोय. आणि कॉलेज नाव काढून टाकेल, पुढे नोकरीला अडचण येईल, ही ताईची धास्ती.

उंबरठा:
बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणं किंवा पसरवणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोकरीचा प्रश्नही याच कायद्यात सुटतो. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीत पोलिसांनी ही नोंद उघड करायची नसते. आणि मंडळाने दोषी धरलं तरी त्यामुळे येणारी अपात्रता त्याला लागत नाही.

कॉलेजला आत्ता कारणांची चर्चा नको, फक्त गैरहजेरीचा अर्ज द्या. बारावीचा परीक्षा अर्ज भरायची तारीख मात्र चुकवू नका. सुटका लांबली तर परीक्षेला बसू देण्याचा अर्ज मंडळापुढे करता येतो. कॉलेज अगदीच ऐकेना तर १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देण्याचा मार्ग आहे, पण त्याची मुदत लवकर संपते, आजच चौकशी करा.

फोटोबद्दल ग्रुपवर भांडू नका, त्याने तो आणखी पसरतो. ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, दोन प्रती छापा. एक गुरुवारी वकिलाकडून मंडळाला, दुसरी पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला, पोच घेऊन.