पेरूची जेली दोनदा बिघडली: पेक्टिन कमी पडते की रीत चुकते?

प्रश्न (पुणे)

हिवाळ्यात पेरू स्वस्त आणि सुवासिक मिळतात, म्हणून यंदा दोनदा जेली केली आणि दोन्ही वेळा ती बिघडली. पहिल्या वेळी पूर्ण पिकलेले, हाताला मऊ लागणारे पेरू घेतले होते. रस साखर घालून कितीही आटवला तरी पाकासारखा ओघळतच राहिला. दुसऱ्या वेळी करकरीत पेरू घेतले आणि थर्मामीटर लावून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे १०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळले, तर बरणीत चिवट गोळा झाला. बाजारातील पेक्टिनची, म्हणजे जेली घट्ट धरायला लावणाऱ्या फळातील घटकाची, पूड घालावी का? तसेच पेक्टिनमुळे कोलेस्टेरॉल कमी होते असे वाचले आहे. मधुमेह असलेल्या माझ्या सासूबाईंना ही जेली थोडी थोडी देता येईल का?

पहिले उत्तर

पुडीची गरज नाही, कारण पेरूत पेक्टिन भरपूर असते. मात्र फळ पिकत जाते तसतसे त्यातील विकरे पेक्टिनचे लांब रेणू तोडतात, आणि फळ मऊ पडते तेही याच कारणाने. म्हणून तीन भाग गाभुळलेले आणि एक भाग पिकलेले पेरू घ्यावेत: पहिल्यांमुळे जेली धरते, दुसऱ्यांमुळे वास येतो. फोडी बुडतील एवढे पाणी आणि थोडा लिंबाचा रस घालून अर्धा तास मंद आचेवर शिजवाव्यात आणि रस पंचातून रात्रभर निथळू द्यावा. पंचा पिळल्यास जेली गढूळ होते.

साखर घालण्यापूर्वी एक चमचा थंड रसात दोन चमचे सर्जिकल स्पिरिट घालून मिनिटभर थांबावे. एकसंध गोळा झाला तर रसाइतकी साखर, दोन-तीन तुकडे झाले तर पाऊणपट साखर, आणि नुसते कण दिसले तर रस आणखी आटवावा. हा नमुना विषारी असतो, तो चाखू नये, टाकून द्यावा. लिंबाचा आंबटपणा नुसत्या चवीसाठी नाही: पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, आम्लामुळे तो विरोध कमी होतो आणि साखर त्यांच्याभोवतीचे पाणी ओढून घेते, तेव्हा कुठे जाळे विणले जाते.

दुसरे उत्तर (महाबळेश्वर)

आपल्या दुसऱ्या जेलीचा दोष मला थर्मामीटरच्या आकड्यात दिसतो. १०५ अंश हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. आमच्याकडे, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते आणि पुण्यात ९८च्या. जेली पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ ते ५ अंश वर तयार होते, म्हणजे पुण्यात १०२ ते १०३ अंशांना. आपण त्यापुढे आटवत राहिलात. आधी साधे पाणी उकळून त्याचे तापमान टिपून ठेवावे. चमच्याच्या कडेवरून थेंब सुटे न पडता दोन थेंब जुळून पापुद्र्यासारखे घसरले की आच बंद करावी, ही जुनी खूण मला अजूनही अधिक भरवशाची वाटते. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असते. तिच्या जॅमला मात्र पूड उपयोगी पडते.

तिसरे उत्तर

सासूबाईंच्या बाबतीत कृपया जेलीला औषध समजू नये. पेक्टिन हा विरघळणारा तंतू आहे. तो आतड्यात पित्ताम्ले अडवून धरतो आणि ती नव्याने तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते, हे खरे आहे. परंतु युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कोलेस्टेरॉलच्या परिणामासाठी दिवसाला किमान ६ ग्रॅम पेक्टिन ग्राह्य धरले आहे. जेलीत ते साधारण एक टक्का धरले, तर तेवढ्यासाठी ६०० ग्रॅम जेली खावी लागेल, आणि तिच्यातली साखरच जवळजवळ ४०० ग्रॅम भरेल. त्यापेक्षा त्यांच्या डॉक्टरांना विचारून प्रमाणात ताजा पेरूच द्यावा.

प्रश्नकर्तीकडून

काल घरी पाणी ९८ अंशांना उकळले. गाभुळलेल्या पेरूंच्या रसाचा स्पिरिटमध्ये एकच गोळा झाला, १०२.५ अंशांना आच बंद केली, आणि आज सकाळी बरणी कलती केली तेव्हा जेली जागची हलली नाही. सासूबाईंसाठी दोन पेरू बाजूला काढून ठेवले आहेत. त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारते.