विषय: रत्नागिरी ते रेडी, पायी, रोज पाचशे रुपयांत

प्रेषक: छोटूची आई (मिसिसागा)
१६ नोव्हेंबर २०२५

मंडळी, नमस्कार.

फराळाचे डबे अजून परत न केलेल्यांसाठी ही मेल नाही, घाबरू नका.

आमच्या छोटूने (वय २२, उंची सहा फूट, तरी छोटूच) युनिव्हर्सिटी संपवली आणि जाहीर केलं की नोकरी लागायच्या आधी कोकण किनारा पायी चालणार. एकटा. २ जानेवारीला पहाटे मुंबईत उतरणार, ४ तारखेला रत्नागिरीहून निघून समुद्र उजवीकडे ठेवत गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत. अठरा दिवस, दिवसाला पाचशे रुपये, त्यातच जेवण, झोप, होडी सगळं. उरलेले पैसे विमानाच्या तिकिटात गेले.

त्याचे आजोबा पेंडूरचे, पण तिथे आता आमचं कोणी राहत नाही. मला फक्त एवढंच हवंय की कोणीतरी त्याला सांगा, हे जमणार नाही. किंवा जमेल. पण कोणीतरी काहीतरी सांगा.

---

प्रेषक: भाऊ (ब्रॅम्प्टन)
१६ नोव्हेंबर

वहिनी, पाचशेत मुंबईत दोन वेळचं जेवणही धड होत नाही. गाडी भाड्याने घ्या, ड्रायव्हर घ्या, चार दिवसांत सगळं कोकण बघून होतं. आम्ही मागच्या वर्षी केलं. गणपतीपुळ्याला पार्किंगचा मात्र फार त्रास.

---

प्रेषक: नाना (स्कारबरो)
१७ नोव्हेंबर

सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

जमेल. पण पोरगा चुकीच्या टोकाकडून निघालाय.

आमचं गाव मिठबावच्या बाजूला, वडील मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. घरात घड्याळ नव्हतं, पण भरती कधी हे आई चुलीपाशी बसून सांगायची. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेला मात्र बारा धरायचे, दुपारी आणि मध्यरात्री. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. रोज पाऊण तासाने पुढे सरकत जातं. पंचांग उघडा, पडताळून बघा.

आता पायी जाणाऱ्याला याचं काय? सगळंच. ओहोटीला पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, ओली आणि टणक असते, रस्त्यासारखं चालता येतं. भरतीला पाणी सुरूच्या झाडांच्या मुळाशी, आणि तुम्ही वरच्या कोरड्या वाळूत पाय रुतवत मैलभर गेलात की दोन मैलांचा दम लागतो. व्हाळांची, म्हणजे ओढ्यांची, तोंडं ओहोटीला घोट्याएवढी, भरतीला छातीएवढी. त्यामुळे किलोमीटर मोजू नयेत, पाणी मोजावं.

पौर्णिमेनंतरच्या पाच-सहा दिवसांत ओहोटी पहाटे सहापासून दहापर्यंत सरकत जाते. म्हणजे उजाडताच निघा, ऊन चढेपर्यंत चाला, आणि पाणी भरायला लागलं की सावलीला पडा. अष्टमीला उलट, सकाळी सहाला भरती आणि चालायजोगी पुळण भर दुपारी बाराला. त्या उन्हात डोकं भाजतं, आणि भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडा, म्हणून ते ओसरतंही कमीच.

३ जानेवारीला पौष पौर्णिमा आहे. छोटू ४ तारखेला रत्नागिरीहून निघाला तर हे सोन्यासारखे दिवस पावस, पूर्णगड, आंबोळगड करत कड्यांवर आणि सड्यांवर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारांवर, घालवणार, जिथे भरती-ओहोटीचा फारसा संबंधच नाही. आणि देवगडच्या खाली लांब पुळणी सुरू होतील तेव्हा अष्टमी-नवमी उजाडलेली.

तिकीट बदलू नका. दिशा बदला. दादरहून रात्रीची तुतारी एक्सप्रेस, सकाळी सावंतवाडी, तिथून एसटीने शिरोडा-रेडी. ४ तारखेला रेडीहून उत्तरेकडे निघायचं. शिरोडा, आरवली, मोचेमाड, वेंगुर्ला, निवती, भोगवे, देवबाग, तारकर्ली, मालवण, तोंडवळी, आचरा हा सगळा पुळणीचा पट्टा कृष्ण पक्षाच्या पहिल्या आठवड्यात. अष्टमीनंतर सडा लागला की ओहोटीची काळजी सोडून द्यायची. अमावास्या १८ ला, तोवर रत्नागिरी जवळ येईल. शिवाय जानेवारीत सूर्य दक्षिणेला, उत्तरेकडे चालणाऱ्याच्या पाठीवर. डोळ्यांत नाही.

खाडीच्या मुखाशी खाजणात, म्हणजे खाऱ्या दलदलीत, शॉर्टकट घ्यायचा नाही. चिखल मांडीपर्यंत येतो आणि कालवांच्या शिंपल्यांनी तळवे फाटतात. माझ्या डाव्या पायाला अजून खूण आहे. कर्ली नदीच्या मुखाशी पर्यटकांच्या बोटी आहेत, त्या पाचशेत बसणार नाहीत. सकाळी जाळी आवरणाऱ्यांना विचारावं, पलीकडे जाणारं कोणी ना कोणी असतं. विजयदुर्गाच्या धक्क्यावरही तेच.

नाना

---

प्रेषक: छोटू
१८ नोव्हेंबर

नमस्कार नाना आजोबा. आईने टाइप करायला मदत केली आहे.

मी तुमचा नियम भरतीच्या ॲपशी ताडून बघितला. मुंबईला जवळजवळ बरोबर येतो, म्हणजे अमेझिंग आहे. पण मालवणला ॲप साधारण एक तास आधीची वेळ दाखवतं. आणि मुंबईला पाणी जितकं वर-खाली होतं तितकं तिकडे होत नाही, निम्म्याहून कमी. मग कोण बरोबर?

प्रश्न दोन. मला देवळात झोपता येईल का?

---

प्रेषक: नाना (स्कारबरो)
१८ नोव्हेंबर

दोघंही. पाऊणपटीचा हिशेब मुंबईचा. वडील आमच्याकडे त्यातून तासभर वजा करायचे, ते मी सांगायला विसरलो. मुंबईला उधाणाला पाच मीटरपर्यंत फरक पडतो, गोव्याकडे दोनच्या आसपास. म्हणून दक्षिणेला पुळण फार रुंद होत नाही, पण तुझ्या एकट्यापुरती होते. आणि तो वजा केलेला तास तुझ्याच फायद्याचा, षष्ठीलासुद्धा ओहोटी दहाच्या आत.

देवळाचं बायकांना विचार, त्यांना जास्त कळतं.

---

प्रेषक: माई (ओकव्हिल)
१९ नोव्हेंबर

नाना, बायकांना म्हणजे मलाच ना. बरं.

छोटू, झोपता येतं, पण धर्मशाळा समजून पथारी टाकायची नाही. आधी पुजारी किंवा एखादा मानकरी गाठायचा, विचारायचं, पाया पडायचं, मग सभामंडपाच्या कडेला. हो म्हणतील असं नाही. नाही म्हणाले तर तेच सांगतील कुठे जायचं ते. त्या दिवसांत दशावताराच्या जत्रा चालू असतात. जत्रेच्या गावी पोचलास तर झोपायचा प्रश्नच नाही, नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि सगळं गाव जागं असतं.

प्रत्येक वाडीत तुला एकच प्रश्न येणार: "खंयसून इलस? कोणाचो तू?" कॅनडा हे त्याचं उत्तर नाही. आजोबांचं गाव, वाडी आणि आडनाव सांगायचं. ते पाठ कर. त्यानंतर बहुधा चहा येतो.

घरात कोणी जेवायला बसवलं तर पैसे पुढे करू नकोस, फार लागतं मनाला. निघताना देवापुढे ठेव, किंवा घरातल्या लहान मुलाच्या हातात खाऊला म्हणून दे. तेवढे द्यायचेच, फुकट खाऊन यायचं नाही. त्यांचंही हातावर पोट असतं. सकाळी कोणी पेज दिली तर वाटीभर मागून घे, उकड्या तांदळाची पेज आणि मीठ पोटात असलं की दहापर्यंत भूक लागत नाही. खाणावळीत मासे खायचे तर आठवड्यातून दोनदाच, नाहीतर तुझं निम्मं बजेट एका ताटात. एरवी उसळ-पाव. नोटा दहा-वीसच्या ठेव, तुझ्या फोनवरून तिकडे क्यूआर कोड चालेलच असं नाही.

आणि मंडळी, एक विचारते. छोटूच्या जागी छोटी असती तर तुम्ही तिथी मोजत बसला असतात का? मी ७८ साली मैत्रिणीबरोबर आचऱ्याहून मालवणला चालत गेले होते. घरी सांगितलं होतं, एसटीने जातोय.

---

प्रेषक: भाऊ (ब्रॅम्प्टन)
१९ नोव्हेंबर

माई, कमाल आहे!

एक कामाची गोष्ट. त्याचा पासपोर्ट कॅनडाचा ना? लॉज किंवा होमस्टे कुठेही राहिला तरी मालकाला चोवीस तासांत परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, सी फॉर्म म्हणतात. लहान होमस्टेवाले ती कटकट नको म्हणून खोली नाकारतात. आमच्या मुलीला एका ठिकाणी रात्री आठला बाहेर काढलं होतं. तेव्हा संध्याकाळची वाट न बघता दुपारीच विचारा, पासपोर्ट-व्हिसाच्या छापील प्रती जवळ ठेवा. देवळात किंवा कोणाच्या पडवीत राहिलास तरी गावच्या पोलीस पाटलांना आपणहून भेट. विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

गाडीचा प्रस्ताव मागे घेतो.

---

प्रेषक: नाना (स्कारबरो)
२० नोव्हेंबर

भाऊंनी शहाणपणाचं सांगितलं, पहिल्यांदाच.

आणखी दोन ठिकाणं, वाटेतलीच. शिरोड्याला मिठागरं लागतील, १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ती. आणि दुसरं काही नाही तरी आरवलीला वेतोबाच्या देवळात जा. भला मोठा उभा देव. रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजवतो, म्हणून लोक त्याला नव्या चपला वाहतात, हातभर लांबीच्या. केळ्यांचे घडही वाहतात, प्रसादाचं केळं मिळालं तर सकाळची न्याहारी झाली. पायी निघालेल्याने दुसऱ्या कुठल्या देवाला आधी नमस्कार करावा असं मला वाटत नाही.

वर सड्यावर, राजापूर तालुक्यात, कशेळीला कातळात कोरलेला हत्ती आहे. जमिनीवर उभं राहून कळत नाही हत्ती आहे ते, एवढा मोठा. रस्ता सोडून जायला लागतं, म्हणून गाडीवाले बहुतेक चुकतात. (भाऊ, पार्किंगचा त्रास नाही तिथे.)

बूट नकोत. रबरी सँडल, मागे पट्टा असलेली. ओले बूट दुसऱ्या दिवशी पायाचं सालपट काढतात.

---

प्रेषक: छोटूची आई (मिसिसागा)
२२ नोव्हेंबर

तिकीट तेच. दिशा बदलली. भिंतीवर त्याने कालनिर्णयचं जानेवारीचं पान चिकटवलंय आणि प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने तिथीची पाऊणपट, वजा एक तास. पेंडूर आणि वाडीचं नाव पाठ झालं, 'कोणाचो' मधला 'चो' अजून 'शो' होतोय.

माई, तुमची ७८ सालची गोष्ट मी त्याला वाचून दाखवली नाही, त्याने स्वतःच वाचली. आता माझी धाकटी विचारतेय पुढच्या वर्षी पौष पौर्णिमा कधी आहे.

आणि नाना, तो विचारतोय की वेतोबाच्या चपलेचं माप काय असतं. इथून न्यायची म्हणतो. आरवलीचं कोणी आहे का यादीवर?