‘शक्ती साठते’ की ‘ऊर्जा साठते’?

अनुवादिका:
प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी भरती-ओहोटीवरचा एक पाठ मराठीत आणतेय. मी लिहिलं होतं, ‘भरतीचं पाणी बांधाआड अडवलं की त्यात शक्ती साठते.’ तपासणाऱ्यांनी ‘शक्ती’ खोडून ‘ऊर्जा’ केलं. अणुशक्ती, सौरशक्ती असंच म्हणत मोठी झाले मी. मग इथेच चूक का?

पदार्थविज्ञानवाला:
खोडलं ते बरोबरच. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. ती दर सेकंदाला किती मिळते ती शक्ती, वॉटमध्ये. अडवलेलं पाणी उंचावर असतं म्हणून त्यात स्थितिज ऊर्जा. दार उघडलं, पाणी धावलं की तीच गतिज. शक्ती साठत नाही, जसा वेग साठत नाही.

बोलीप्रेमी:
व्याख्या मान्य, पण भाषा व्याख्येआधीची आहे. तापातून उठलेलं मूल ‘अंगात शक्ती नाही’ म्हणतं, ‘ऊर्जा नाही’ म्हणत नाही. आणि फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली सुरू झालेलं भरतीवरचं वीजकेंद्र २४० मेगावॉटचं आहे, म्हणजे ती शक्तीच झाली. तिला पुस्तकं ‘क्षमता’ म्हणतात, आणि ऊर्जेची व्याख्याही ‘कार्य करण्याची क्षमता’! मुलांनी काय समजायचं?

निवृत्त शिक्षिका:
मुलांना शब्द जड जात नाही, न दिसणारी गोष्ट जड जाते. वर्गात मी पाण्याची बादली टेबलावर ठेवून तळाशी नळी लावायची आणि खाली कागदी चक्र धरायची. बादली जमिनीवर ठेवली की चक्र थांबायचं. ‘ऊर्जा’ शब्द त्यानंतर सांगायची, आणि तो बसायचा. एका मुलीने विचारलं होतं, ‘ही ऊर्जा चंद्र देतो का?’ ओढतो चंद्र, पण ऊर्जा येते मुख्यतः पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून, आणि त्यापायी दिवस अगदी किंचित लांबत जातो. हे मलाही तेव्हा शोधून सांगावं लागलं. पाठात मोठ्या भरतीचं ‘उधाण’ आणि कमी जोराच्या भरतीचा ‘भांग’ घेतलेत ना?

अनुवादिका:
उधाण घेतलंय. ‘भांगाची भरती’ काढली, मुलांना केसांतला भांग आठवेल म्हणून.

बोलीप्रेमी:
काढू नका हो! अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात तेव्हा भांग. दोन अक्षरांत मावलेला शब्द आहे. मला तर हा ‘भंग’वरूनच आलेला वाटतो, उधाणाचा जोर भंगतो म्हणून.

पदार्थविज्ञानवाला:
उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती ठरत नाही. केसांचा भांगही मग भंगावरूनच म्हणाल.

बोलीप्रेमी:
म्हणेनच! केस दोन बाजूंना मोडतात तिथेच भांग पडतो.

निवृत्त शिक्षिका:
‘सुकती’ कुणी ऐकलाय का? ओहोटीला हा जुना शब्द आहे. पाणी हटल्यावर उघडी पडणारी वाळू मुलांना त्यात लगेच दिसते.

बोलीप्रेमी:
सुकती! हा पाठात यायलाच हवा.

अनुवादिका:
घेते. पण बांधाआडच्या त्या वाक्याचं काय करू?