खेड्यातल्या नेटवर गिटचं प्रीफेच चालू ठेवावं की बंद?

दिग्रसवाला
गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. त्यात ‘गिट मेंटेनन्स स्टार्ट’ एकदा चालवलं की रेपोच्या (प्रकल्पाच्या साठ्याच्या) देखभालीची पाच कामं पाठीमागे आपोआप चालू होतात. प्रीफेच आणि कमिट-ग्राफ दर तासाला, लूज-ऑब्जेक्ट्स आणि इन्क्रिमेंटल-रिपॅक रोज, पॅक-रेफ्स आठवड्याला. यातलं नेट खाणारं काम प्रीफेच, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आधीच उतरवून ठेवणं. बाकीची डिस्कवरचीच आवराआवर, ती खुशाल चालू द्या, पण दीड-दोन जीबीच्या रोजच्या डेटा पॅकवर, मोबाइल हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यानं प्रीफेच बंदच करावं, असं माझं ठाम मत आहे.

कारण प्रीफेच तुमची एक ब्रँच (कामाची शाखा) आणत नाही, सगळ्या रिमोटच्या (जोडलेल्या सर्व्हरवरच्या प्रतींच्या) सगळ्या ब्रँचेस आणतं. एखादा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) डिपेंडन्सीच्या (बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या) ब्रँचेस दिवसभर रीबेस करून, म्हणजे नव्यानं रचून, जुन्यांवर फोर्स-पुश करत असेल, तर दर तासाला तेव्हाची आवृत्ती तुमच्या डेटामधून उतरते. संध्याकाळी एकदाच फेच केलं (बदल उतरवले) तर फक्त शेवटची येते. बंद करायला: मेंटेनन्स.प्रीफेच.एनेबल्ड = फॉल्स.

धारणी_मेळघाट
दादा, डेटा वाचेल, पण काम अडेल. गिटचं फेच तुटलं तर तिथून पुढे सुरू होत नाही. पॅक (बदलांची गठ्ठा-फाइल) अर्धा आला आणि टॉवर गेला की ‘अर्ली ईओएफ’, ‘इंडेक्स-पॅक फेल्ड’ असे एरर, आणि पुन्हा शून्यापासून. आठवडाभराचं साचलेलं २०० एमबी एका दमात ओढायला जाल तर तीनदा तुटून सहाशे एमबी जातील. दर तासाचे पाच-सात एमबीचे पॅक मात्र पूर्ण होतात, आणि जे पूर्ण झालं ते डिस्कवर कायम. जिथं नेट सलग राहत नाही, तिथंच प्रीफेच जास्त उपयोगी आहे.

शिवाय प्रीफेच आणलेल्या ब्रँचेसची नोंद रेफ्स/प्रीफेच या वेगळ्या कप्प्यात लिहितं, तुमच्या ओरिजिनच्या (मुख्य रिमोटच्या) ब्रँचेसना हात लावत नाही. त्यामुळे नंतरचं खरं फेच हलकं होतं आणि मधेच काही बदलल्याची भीती नाही.

दिग्रसवाला
तुटण्याचा मुद्दा मान्य. पण मग सगळ्या ब्रँचेस कशाला? ‘गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन मेन’ करून फेच फक्त ‘मेन’ या ब्रँचपुरतं आवळा. सहकाऱ्यांचे फोर्क (त्यांच्या स्वतंत्र प्रती) रिमोट म्हणून जोडले असतील तर त्यांना स्किपफेचऑल = ट्रू लावा, प्रीफेच त्यांना वगळतं. एवढं न करता नुसतं ‘स्टार्ट’ मारून मोकळं होणाऱ्यांबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती कायम आहे.

पांढरकवडा_४४५
मधला रस्ता आहे भाऊ. मेंटेनन्स.प्रीफेच.शेड्यूल = डेली करा. रोजचं काम मध्यरात्रीच्या आसपास लागतं, म्हणजे नवा कोटा सुरू होतो तेव्हाच. पण लॅपटॉप तेव्हा बंद असेल तर क्रॉनवर (लिनक्सच्या जुन्या वेळापत्रकावर) ते काम हुकलं ते हुकलंच. गिट २.३४ पासून लिनक्सचे नवे सिस्टमडी टाइमर चालतात आणि राहिलेलं काम मशीन चालू झाल्यावर उरकतात. ‘स्टार्ट’ला शेड्यूलर सिस्टमडी-टाइमर असं सांगून द्या. सर्व्हरवर जायच्या एसएसएच की ला पासफ्रेज (पासवर्ड) असेल तर पाठीमागे चालणारं फेच गुपचूप फसतं. ‘गिट फॉर-ईच-रेफ रेफ्स/प्रीफेच’ मारून खरंच काही येतं का ते पाहा.

वरुड_संत्रापट्टा
तुमी दोघंही डेटा-डेटा करून रायले, पण खरी गोम लायटीची आहे. डेस्कटॉपवर काम चालू असताना लाइट गेली तर डॉट-गिटच्या ऑब्जेक्ट्स फोल्डरमंदी मेंटेनन्स.लॉक नावाची फाइल राहून जाते. मंग पुढची सारी कामं ती पाहून मुकाट्यानं निघून जातात, महिनोन्‌महिने. गिटची कोनतीच प्रक्रिया चालू नाही याची खात्री करा आन् मंगच ती फाइल काढा.

दुसरं. तुटलेल्या फेचचे टीएमपी-पॅक तुकडे तसेच पडून रायतात. ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही’ मारा, खाली साइज-गार्बेज (कचऱ्याचा आकार) दिसन. या वेळापत्रकात पूर्ण जीसी (गिटची कचरा-सफाई) नसते, म्हणून हा कचरा कोनी काढत नाही. अधूनमधून हातानं ‘गिट जीसी’ चालवा, पण डिस्कवर रेपोइतकी जागा मोकळी ठेवून, कारण नवा पॅक पूर्ण लिहून झाल्यावरच जुना उडतो.

तिसरं, अन् हे सगळ्यात वाईट. आत्ताच केलेली कमिट (बदलांची नोंद) अन् लगेच लाइट गेली, तर ती ज्यात साठते ती ऑब्जेक्ट फाइल रिकामी निघू शकते, कारण सुटे ऑब्जेक्ट डिस्कवर पक्के बसवायचं काम गिट मुळातच करत नाही. २.३६ पासून कोअर.एफसिंक = अ‍ॅडेड ठेवा. कमिट जराशी हळू होईल, होऊ द्या.

धारणी_मेळघाट
लॉकचं बरोबर आहे जी, ते प्रीफेच बंद केल्यानं सुटत नाही.

पहिल्या क्लोनबद्दल (पूर्ण रेपो पहिल्यांदा उतरवण्याबद्दल) मात्र दोन्ही बाजू सारख्याच अडतात. ब्लॉब:नन फिल्टरनं जुन्या फाइलींचा मजकूर येत नाही म्हणून क्लोन लहान होतो, पण नेट नसताना ‘ब्लेम’ किंवा ‘लॉग -पी’ (इतिहास दाखवणाऱ्या कमांड) मारलं की जुन्या फाइलसाठी सर्व्हरकडे धावतो आणि थांबतो. रेंज नसलेल्या गावात तो घेऊ नका. शहरातल्या मशीनवर ‘गिट बंडल क्रिएट रेपो.बंडल --ऑल’ करून सगळा रेपो एका फाइलीत बांधा, पेन ड्राइव्हवर आणा किंवा डब्ल्यूगेट -सी या डाउनलोडच्या कमांडनं उतरवा. ती साधी फाइल आहे, तुटली तर तिथूनच पुढे सुरू होते. त्यावरून क्लोन करा, ‘रिमोट सेट-यूआरएल’नं खरा पत्ता द्या, आणि त्यानंतरच ‘मेंटेनन्स स्टार्ट’.

दिग्रसवाला
बंडलला माझा विरोध नाही. क्लोन केल्याबरोबर, ‘स्टार्ट’च्या आधी, सेट-ब्रँचेस करा. नाहीतर पहिल्याच तासाला सगळ्या ब्रँचेस उतरायला लागतील.