बाळ बघायला कधी येऊ?

बी-२०४: नमस्कार मंडळी. सणाच्या सुट्ट्या लागल्या आणि ‘बाळ बघायला कधी येऊ’ असे मेसेज धडाधड येतायत. प्रेमाबद्दल मनापासून आभार. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमत नाहीये म्हणून इथेच लिहितो. बाळ तीन आठवड्यांचं आहे. त्याचे ६ आठवड्यांचे डोस होईपर्यंत फक्त घरचेच. हे माझं म्हणणं आहे, हिचं नाव पुढे करू नये. राग मानू नका.

सी-१०२ काकू: राग कसला रे. पण सणासुदीला दारावरून परत जायचं? पाच मिनिटं डोकावलं तर काय बिघडतं?

बी-२०४: काकू, तुमची पाचच मिनिटं. पण चार विंग आहेत ना 🙂

ए-३०३: पाच मिनिटंवाल्यांना मी ओळखते. ‘काही नको, काही नको’ म्हणत दीड तास बसतात.

डी-४०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

सी-१०२ काकू: आमच्या वेळी घर भरलेलं असायचं. पोरं या हातातून त्या हातात जायची. वाढलीच की सगळी.

ए-१०१ डॉक्टर: काकू, वाढली ती आपल्याला दिसतात. दवाखान्यात आम्हाला बाकीचीही दिसायची. डांग्या खोकल्याचंच घ्या. मोठ्या माणसाला तो नुसता चिवट खोकला वाटतो, आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, माणूस तसाच लग्नाकार्यात फिरतो. तान्ह्या बाळाला तोच झाला तर कधी खोकलाही येत नाही, थेट श्वास थांबतो. त्याची पहिली लस ६ आठवड्यांनी मिळते. फ्लूची तर ६ महिन्यांच्या आत देताच येत नाही.

बी-२०४: म्हणून तर ६ आठवडे म्हटलं.

ए-१०१ डॉक्टर: पण एका डोसने पूर्ण संरक्षण मिळत नाही हो. त्या दिवसानंतर दार सताड उघडायचं असं समजू नका. सर्दी-खोकला असलेल्याने तेव्हाही यायचं नाही. आलेल्याने आधी साबणाने हात धुवायचे. पापे तर कुणीच घ्यायचे नाहीत. ओठावर पाण्याचे बारीक फोड असतील त्याने तर मुळीच नाही, तो विषाणू नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतो. सिगरेट ओढून येऊन कुणी बाळाला उचलू नये. आणि हौसेने बाळाच्या तोंडाला मध लावू नका, एक वर्षाच्या आत अजिबात नाही.

बी-२०४: आणि ताप आला तर? सुट्टीत आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत.

ए-१०१ डॉक्टर: ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला की लगेच हॉस्पिटल. घरी औषध देऊन वाट बघायची नाही. सुट्टीत तुमच्या डॉक्टरांच्या जागी कोण बघणार आणि रात्री कुठे जायचं हे आजच विचारून ठेवा.

सेक्रेटरी: चांगला मुद्दा. सुट्टीत गेटमधून गाडी अडणार नाही याची व्यवस्था करतो. मांडवाच्या खुर्च्या रस्त्यात येत होत्या, त्या हलवायला सांगितल्यात. बी विंगखालच्या स्पीकरचंही बघतो.

डी-४०१: वर्षातून एकदा सण येतो, आता गाणीही बंद?

सेक्रेटरी: बंद नाही हो, स्पीकर गेटकडे तोंड करून लावू. रात्री लवकर आवरू.

ए-१०१ डॉक्टर: घरातल्या बोलण्याचालण्याचा बाळाला त्रास नसतो. पण शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागत असेल तर तो आवाज बाळासाठी जास्तच आहे.

सी-५०४: डॉक्टर, माझंही विचारून घेते. मला ३४वा आठवडा चालू आहे. सगळ्यांनी मिळून सुट्टीला जायचं ठरलंय, विमानाने. सगळे म्हणतात तुला काय, नुसतं बसायचंय.

ए-१०१ डॉक्टर: मी बालरोगवाली, शेवटचा शब्द तुझ्या डॉक्टरांचा. पण परतीच्या दिवशी कितवा आठवडा असेल ते मोज. लोक जायचा दिवस बघतात. साधारण २८ आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, आणि ३६ नंतर सहसा घेत नाहीत. जुळं असेल तर त्याच्याही आधी. शिवाय तिथे रात्री कळा सुरू झाल्या तर जवळ काय आहे?

सी-५०४: मग गाडीने?

ए-१०१ डॉक्टर: लांबचं असेल तर ते जास्त दमवणारं. गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, दर दोन तासांनी उतरून चालावं लागतं. आणि पोटाला लागतो म्हणून पट्टा सोडायचा नाही. खालचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांवर, वरचा दोन्ही स्तनांच्या मधून. फाइल बरोबरच, सामानाच्या डिकीत नाही.

ए-३०३: घरी राहिलीस तरी सगळ्यांचं वाढत उभी राहू नकोस गं. मी राहिले होते, पाय भोपळ्यासारखे झाले.

ए-१०१ डॉक्टर: पाय थोडे सुजणं वेगळं. चेहरा-हात अचानक सुजले, डोकं फुटेल इतकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर ते रक्तदाबाचं असू शकतं. पाणी जाणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर ‘पाहुणे गेले की बघू’ म्हणू नकोस. सणात बायका नेमकं हेच करतात.

बी-२०४ ताई: मी बाळाची आई. पहाटेचे तीन वाजलेत, सॉरी, आत्ताच वाचलं सगळं. एक सांगू? मला माणसं नको आहेत असं नाही. खाली सगळे हसतायत ते ऐकू येतं आणि उगाच रडू येतं. पण पाहुणे आले की ते बाळ मांडीवर घेऊन बसतात आणि मी त्यांच्यासाठी उठबस करते. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजायचं असतं. प्रत्येक वेळी आत जा, बाहेर ये, कपडे नीट कर, मग ‘दूध पुरतंय ना’ याला उत्तर दे. टाके अजून दुखतात. बाळ माझ्याकडेच राहू दे, बाकीचं कुणीतरी करा, एवढंच हवंय.

सी-१०२ काकू: अगं मग आधी नाही का सांगायचं. मी येते ११ वाजता. बाळाकडे ढुंकून बघणार नाही. भांडी आणि कपडे माझ्याकडे, तू झोप.

ए-३०३: मोठ्या मुलीला संध्याकाळी माझ्याकडे पाठव, खाली कार्यक्रमाला घेऊन जाते. ती बिचारी घरात कोंडलीये.

बी-२०४ ताई: काकू, खरंच या. बेल नका वाजवू, दार लोटून ठेवते.

ए-१०१ डॉक्टर: पोरी, रडू येण्याबद्दल. पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणींना येतं आणि आपोआप कमी होतं. तू तिसऱ्यात आहेस. बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर सुट्टी संपायची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के बायकांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः नैराश्याचा. त्याला उपचार आहेत. नको ते विचार येत असतील तर त्याच क्षणी कुणाला तरी उठवायचं, मलाही चालेल.

बी-२०४: वाचलं. मी इतके दिवस नुसती दाराची राखण करत होतो. पहाटेच्या पाजण्यानंतरचं बाळ आजपासून माझ्याकडे.

डी-४०१: स्पीकर फिरवलाय. मीच फिरवला.

सी-५०४: डॉक्टर, परतीची तारीख मोजली. ३७वा आठवडा येतोय. नाही जात. आता सासूबाईंना कोण सांगणार?

ए-३०३: बी-२०४ मध्ये कुणी सांगितलं ते वर बघ.

सी-५०४: आमचे हे पण या ग्रुपवर आहेत.

सी-५०४ मिस्टर: वाचतोय. संध्याकाळी फोन करतो आईला.