ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा: एजंट तीन लाख मागायलाय, काय करावं?

गेवराईचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी गेवराई तालुक्यातला, वय २५, बीएस्सी झालंय, सध्या वाळूजला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. आईवडील अजून ऊसतोडीला जातात, दिवाळीच्या मागंपुढं कोयता उचलायचा आन थेट उन्हाळ्यात परत. इथल्या एका एजंटनं सांगितलं की ऑस्ट्रेलिया सरकार आपल्याकडच्या पोरांना वर्षभर फिरायला आन सोबत काम करायला व्हिसा द्यायलंय, तीन लाख दिले की नाव लावून देतो, गॅरंटी आहे म्हणे. वडील म्हणायलेत मुकादमाकडून उचल वाढवून घेऊ. पण ती फेडायला दोघांचे अजून दोन हंगाम जातील हे मला दिसतंय, म्हणून चार दिवस झाले झोप लागंना. खरंच अशी स्कीम आहे का, आन तिकडं काम म्हणजे नेमकं काय असतं, कुणी गेलंय का?

स्टेशनरोड:
भाऊ, एजंटला एक रुपया देऊ नको आन वडिलांना आजच फोन लावून उचलीचं थांबव, बाकीचं नंतर वाच.

स्कीम खरी आहे, सबक्लास ४६२ म्हणतात. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला, त्यातलीच ही गोष्ट, पहिली नोंदणी ऑक्टोबर २०२४ मधे उघडली. जागा वर्षाला फक्त १०००, त्या पण अख्ख्या भारताला मिळून, आन पहिल्या दोन आठवड्यातच ४०,००० च्या आसपास नोंदण्या झाल्या होत्या. निवड लॉटरीनं, कॉम्प्युटर नावं काढतो, त्यामुळं गॅरंटी देणारा माणूस सरळ खोटं बोलायलाय. नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे दीडेक हजार रुपये, ऑनलाइन, आपली आपण करता येते, पासपोर्ट आन पॅनकार्ड लागतं. नाव निघालं तर २८ दिवसात खरा अर्ज भरायचा, त्याची फी वेगळी, ती साडेसहाशे डॉलरच्या वर जाते. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षाचं शिक्षण, इंग्रजी कामापुरतं (आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा, तिच्यात सरासरी साडेचार चालतं), आन खात्यात ५००० डॉलर, म्हणजे पावणेतीन-तीन लाख, शिवाय परतीच्या तिकिटाचे. एजंट मागायलाय तेवढेच पैसे, फक्त ते तुझ्याच खात्यात राहतात बघ. मी पहिल्या वेळी भरलं होतं, नाव नाही निघालं, गेले ते २५ डॉलर.

ब्रिटनची पण अशीच एक स्कीम आहे, यंग प्रोफेशनल्स, वर्षाला ३००० जागा, दोन वर्षं राहता येतं, तिथल्या लॉटरीला तर फी पण नाही. पदवी लागते, ती तुझ्याकडं आहे. दोन्हीकडं भर.

अंबडची_मोसंबी:
मी गेलोय, लॉटरीतच नाव आलं होतं, ऑस्ट्रेलियातल्या मिल्डुराकडं संत्र्याच्या बागेत हंगाम केलाय म्हणून सांगतो. घरी मोसंबी आहे त्यामुळं वाटलं होतं आपल्याला काय अवघड. पहिल्या दिवशी कंबरेपर्यंत येणारी कॅनव्हासची पिशवी गळ्यात अडकवली, ती भरली की शिडीवरून उतरायचं आन मोठ्या लाकडी पेटीवर वाकून पिशवीचा खालचा फडका सोडायचा, फळं आपटली नाही पाहिजेत, सालीला ओरखडा नको. संध्याकाळी खांदे असे झाले होते की ताट उचलवंना. आन सकाळी दव असलं की तोडणी बंद, ओल्या फळाला हात लावला की सालीतलं तेल फुटून डाग पडतात, म्हणून आठ-साडेआठपर्यंत सगळे बागेच्या कडंला हात खिशात घालून उभे, काम नाही म्हणून पैसे पण नाहीत असं आमचा कंत्राटदार म्हणायचा.

इथंच ऐक, तुझ्या घरी मुकादम काय असतो ते माहितीय म्हणून तुला लवकर कळंल. माझा कंत्राटदार पेटीमागं पैसे द्यायचा आन राहायची खोली पण त्याचीच, भाडं पगारातून कापायचा, पावती कधी द्यायचा कधी नाही. मला वाटलं असंच असतंय. नंतर सोबतच्या एका तैवानच्या पोरीनं सांगितलं की २८ एप्रिल २०२२ पासून तिथं नियम आहे, बागायतीत पेटीवर काम असलं तरी तासाचा किमान दर हिशोबात मिळालाच पाहिजे. जुलै २०२५ ला देशाचा किमान दर तासाला २४.९५ डॉलर झाला होता, रोजंदारीवर असलास तर वर २५ टक्के. मग मी वहीत रोज तास लिहायला लागलो, किती वाजता बागेत उभा राहिलो, किती वाजता निघालो, किती पेट्या. ती वही आन पगाराच्या पावत्या नसत्या तर मला कमी दिलेल्या पगाराचा फरक पण मिळाला नसता आन दुसऱ्या वर्षाचा व्हिसा पण नाही, कारण त्यासाठी तिथल्या खेड्यापाड्यात ठरवून दिलेलं काम तीन महिने केल्याचा पुरावा लागतो. तक्रार फेअर वर्क ओम्बड्समनकडं, म्हणजे पगाराच्या तक्रारी बघणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याकडं करता येते, फुकट, दुभाषी पण मिळतो.

टॅक्स पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कापतात, आन मालक आपल्यासाठी जो पेन्शन फंड भरतो तो निघताना काढला तर त्यातले ६५ टक्के सरकार ठेवून घेतं. हे कुठलाच एजंट सांगत नाही. एका मालकाकडं एरवी सहा महिन्याच्या वर राहता येत नाही, शेतीसारख्या काही कामांना सूट आहे, हे पण धर.

तरी मी परत जाईन. सहा महिने तोडणी केली आन मग दोन महिने समुद्राच्या कडंकडंनं बसनं फिरलो, स्वतःच्या पैशानं, आमच्या घरात असं कुणी कधी फिरलं नव्हतं.

वेरूळची_ताई:
तुमची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलेय, मी वेरूळला दोन खोल्या पाहुण्यांना देते. असले तरुण परदेशी पोरं माझ्याकडं येतात, पाठीवर बॅग, चार दिवस राहतात, ज्वारीची भाकरी कशी थापायची ते शिकून जातात. मोठ्या बसची माणसं मात्र कैलास लेणं बघून दुपारी निघून जातात, गावात चहा पण पीत नाहीत. ऑस्ट्रेलियानं ही गोष्ट १९७५ लाच ओळखली, तेव्हापासून अशी स्कीम चालू आहे त्यांची. करोनानंतर जानेवारी २०२२ ला तर लवकर येणाऱ्या पोरांना व्हिसाची फी परत द्यायची घोषणा केली, कारण बागेत माणूस नव्हता आन हॉटेलं रिकामी. म्हणजे सरकारचा त्यात स्वार्थ आहे, पण त्या स्वार्थात पोरांना वर्षभर देश बघायला मिळतो. आपल्याकडं तरुणांचं पर्यटन म्हणजे कॉलेजची एका दिवसाची सहल एवढंच धरतात याचं मला फार वाईट वाटतं, आपल्या जिल्ह्यात अजिंठा आन वेरूळ अशा दोन जागतिक वारसा जागा आहेत, १९८३ पासून.

भाऊ, जायला मिळालं तर नक्की जा. पण लॉटरी आहे, नाही निघालं तर घरात हे सांगून ठेव: राज्याचं २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण आहे, बाईच्या मालकीचा पर्यटनाचा धंदा असला तर १५ लाखापर्यंतच्या कर्जाचं व्याज सरकार परत करतं, जास्तीत जास्त साडेचार लाख, पर्यटन संचालनालयाकडं अर्ज करायचा. माझं कर्ज त्यातच आहे. तुमच्या आईच्या नावावर काही होतंय का बघा, म्हणजे कोयता सुटंल.

गेवराईचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. काल रात्री घरी फोन केला, उचल नको म्हणून सांगितलं. आईनं एवढंच विचारलं, "तिथं मुकादमाचं देणं डोक्यावर घेऊन जावं लागत नाही ना?" मी नाही म्हणलो, मग म्हणली जा. ताई, तुमचं आईला वाचून दाखवणारे.

एक अडचण आहे, पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण आहे आन पॅनकार्डवर नुसतं अक्षर. नोंदणीत काही होईल का?

स्टेशनरोड:
रिस्क नको घेऊ. पॅन पासपोर्टप्रमाणं दुरुस्त करून घे, घरबसल्या होतं. आजच टाक अर्ज.