मदत हवी आहे : मस्कतहून जबल शम्सची दरी एका दिवसात, सत्तरी ओलांडलेल्या आईबाबांसह

नमस्कार.

येत्या जानेवारीत आम्ही गोव्याहून मस्कतला माझ्या धाकट्या भावाकडे जाणार आहोत. आई, बाबा, माझी बारा वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे असू आणि गाडी भाऊ चालवील. त्या मुक्कामातला एक पूर्ण दिवस ओमानच्या हजर पर्वतात, जबल शम्सच्या प्रचंड दरीच्या काठी घालवावा अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. भावाला शुक्रवारची एकच सुट्टी असल्यामुळे वाटेत रात्रीचा मुक्काम करता येणार नाही. पहाटे निघून रात्री जेवायला घरी परतायचे, एवढ्यात हे सारे बसवायचे आहे. ज्यांनी हा रस्ता पाहिला आहे, विशेषतः वयस्कर माणसांना सोबत घेऊन पाहिला आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

मस्कतहून १५ क्रमांकाच्या महामार्गाने निझवा, तिथून अल हमरा, पुढे घुल गाव आणि मग घाट चढून पठारावर, असा रस्ता आहे. अंतर एका बाजूने सुमारे २४० किलोमीटर भरते आणि कुठेही न थांबता साधारण साडेतीन तास लागतात, म्हणजे जाऊन येऊन सात तास गाडीतच जाणार. जानेवारीत तिथे सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास मावळतो. गाडीतले सात तास यातून वजा केले, तर पाहण्यासाठी उजेडाचे किती थोडे तास उरतात हे लक्षात येते, आणि माझी खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण घरातल्या प्रत्येकाला वेगळ्याच ठिकाणी अधिक वेळ हवा आहे.

मुलीला आणि मला दरी पाहायची आहे. वाळवंटी प्रदेश म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. पण हजर पर्वतरांगेत वाळू नाही, उघडा खडक आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला चुनखडक भूपट्टांच्या रेट्याने वर उचलला गेला आणि पुढे पाण्याने तो कापत नेला. जबल शम्स हा ओमानमधला सर्वांत उंच डोंगर, सुमारे ३००० मीटर उंचीचा, आणि त्याच्या अंगालगतची वादी नखरची (वादी म्हणजे एरवी कोरडे असणारे नदीचे पात्र) घळ सुमारे १००० मीटर खोल आहे. आमच्याकडे चोर्ला घाटातून दिसणाऱ्या दऱ्या रानाने झाकलेल्या असतात, त्यामुळे डोंगराची हाडे कधी दिसत नाहीत. जिथे एकही झाड आड येत नाही आणि खडकाचा थर न् थर उघडा दिसतो, असा कडा मुलीने डोळ्यांनी पाहावा असे मला फार वाटते.

बाबांचे मन मात्र फलजमध्ये, म्हणजे ओमानच्या पारंपरिक पाटांमध्ये, गुंतले आहे. फोंडा तालुक्यात आमचे कुळागर आहे आणि पाटाचे पाणी कोणाच्या माडा-पोफळींना कधी व किती वेळ सोडायचे, हा हिशेब बाबांनी आयुष्यभर सांभाळला आहे. ओमानमध्ये डोंगराच्या पोटातले किंवा झऱ्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर, कोणताही पंप न लावता, मैलोन् मैल चरांमधून खजुरीच्या बागांपर्यंत आणले जाते आणि प्रत्येक बागाईतदाराचा वाटा वेळेवर मोजून दिला जातो, असे वाचल्यापासून त्यांनी मला त्याविषयी अनेकदा विचारले आहे. अशा सुमारे ३००० व्यवस्था आजही वापरात आहेत आणि त्यांपैकी पाच फलज २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवले गेले. अल हमराजवळच्या मिस्फत अल अब्रियीन या दगडी गावात फलज बागांमधून वाहताना पाहता येतो असे समजते, म्हणून ते गाव आम्ही यादीत घेतले आहे.

शिवाय निझव्याचा किल्ला आहेच. मस्कत १५०७ पासून १६५० पर्यंत पोर्तुगीजांच्या हाती होते आणि त्यांचा पूर्वेकडचा सारा कारभार गोव्यातून चालत असे. ज्या इमाम सुलतान बिन सैफ यांनी १६५० मध्ये त्यांना मस्कतमधून हुसकावले, त्यांच्याच कारकिर्दीत निझव्याचा तो अवाढव्य गोल बुरूज उभा राहिला. गोव्याहून गेलेल्या माणसाने तो पाहू नये, हे मनाला पटत नाही.

आता अडचणी सांगते. आईला दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे. सपाटीवर ती सावकाश अर्धा तास चालते, पण पायऱ्या उतरणे तिला जड जाते, आणि घाटात तिला मळमळते. बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. भावाची गाडी साधी सेडान आहे. जबल शम्सच्या शेवटच्या टप्प्यात रस्त्याचा काही भाग कच्चा असल्यामुळे फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यावी असे बहुतेक जण सांगतात, पण सेडान घेऊन वर गेल्याचे सांगणारेही भेटतात. त्यासाठी एका दिवसाची गाडी भाड्याने घेणे खरोखर आवश्यक आहे का? जबल शम्सऐवजी त्याच पर्वतरांगेतला जबल अख्दर निवडला तर आईला सोपे जाईल का? किल्ला, मिस्फत आणि दरी या तिन्ही गोष्टी एका दिवसात कोंबणे योग्य आहे, की एखादी सोडून द्यावी, आणि सोडायची तर कोणती? हिवाळ्यातल्या पावसाची भीती कितपत बाळगावी, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, मी मस्कतमध्ये बरीच वर्षे नोकरी केली आहे आणि माझ्या आईवडिलांना याच रस्त्याने नेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गाडीचा प्रश्न आधी मिटवा. जबल अख्दरला जायचे असेल तर पर्यायच नाही. बिरकत अल मौझ या पायथ्याच्या गावाच्या वर पोलिसांची चौकी आहे आणि फोर व्हील ड्राइव्ह नसलेली गाडी तिथूनच परत पाठवतात. जबल शम्सच्या वाटेवर अशी चौकी नाही, म्हणूनच लोक सेडान घेऊन जातात, पण अडवायला कोणी नाही याचा अर्थ रस्ता सेडानचा आहे असा होत नाही. सुट्या खडीवर तीव्र चढ आहेत, आणि सत्तरीची माणसे मागच्या सीटवर असताना चाके जागीच फिरू लागली तर खाली उतरून ढकलणार कोण? फोर व्हील ड्राइव्ह गाडी भाड्याने घ्या आणि विम्यात कच्च्या रस्त्यावरचे नुकसान धरले आहे का, हे करारावर सही करण्यापूर्वी विचारून घ्या. उंच गाडीत चढण्यासाठी आईंना पाय ठेवायला पायरी असलेली गाडी मागा.

जबल अख्दरचा रस्ता वरपर्यंत डांबरी आहे, तेवढा तो सुखाचा. पण तिथली शोभा सईक पठाराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीत आहे, आणि ती पाहायची तर गुलाब फुलतात तेव्हा, एप्रिलच्या सुमारास. जानेवारीत डाळिंबाची झाडे निष्पर्ण असतात. तुम्हाला आणि लेकीला जो उघडा कडा पाहायचा आहे तो जबल शम्सचाच, तेव्हा निवड तुम्ही बरोबर केली आहे. दरी पाहण्यासाठी आईंना चालावेही लागणार नाही, कारण गाडी कड्याच्या अगदी जवळ जाते. काही ठिकाणी कठडा आहे, पुष्कळ ठिकाणी नाही. मुलीचा हात सोडू नका.

तिन्ही गोष्टी मात्र एका दिवसात करू नका. किल्ला सोडा. निझवा महामार्गावर आहे, भावाच्या सेडाननेही तिथे दुसऱ्या एखाद्या सुट्टीत सहज जाता येते. शिवाय शुक्रवारी सकाळी निझव्यात बकऱ्यांचा बाजार भरतो आणि किल्ल्याभोवती गाडी लावायला जागा मिळत नाही.

मिस्फतबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. गाव अतिशय सुंदर आहे यात शंका नाही, पण ते डोंगराच्या उतारावर वसले आहे आणि फलजपर्यंत जायचे तर अरुंद बोळांतून दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. आई वर बसून राहतील आणि बाबा घाईने पाहून परततील, असे त्या दिवशी होऊ नये. त्याऐवजी परतीच्या वाटेवर बिरकत अल मौझला थांबा. जागतिक वारसा ठरलेल्या पाचांपैकी फलज अल खतमीन याच गावात आहे, गाव महामार्गापासून जवळ आहे, जमीन बरीचशी सपाट आहे आणि पाणी खजुरीच्या बागांमधून डोळ्यांसमोर वाहते. हा फलज भूमिगत प्रकारचा आहे, म्हणजे उगमाची विहीर डोंगराच्या पायथ्याशी आणि तिथून बोगद्याने आणलेले पाणी गावाजवळ उघड्यावर येते. वरच्या अंगाला पिण्याचे पाणी घेतात, त्याखाली मशिदीचे आणि अंघोळीचे, आणि शेवटी ते बागांना जाते. हा क्रम बाबांना तिथे चालता चालता दाखवता येईल. एखादा बागाईतदार भेटला आणि भावाला थोडी अरबी येत असेल, तर पाण्याच्या पाळीबद्दल अवश्य विचारा. माझ्या वडिलांशी तिथले एक आजोबा कितीतरी वेळ बोलत उभे होते.

क्रम असा ठेवा. सहाला मस्कत सोडा, निझव्यात न शिरता थेट अल हमराकडे वळा आणि तिथे पेट्रोलची टाकी भरून घ्या, कारण वर पठारावर पंप नाही. घुलला घाट सुरू होण्याआधी दहा मिनिटे थांबा. वादीच्या पलीकडे ओसाड पडलेले जुने दगडी गाव दिसते आणि आईंनाही पाय मोकळे करता येतात. दहापर्यंत वर पोहोचाल. एकच्या सुमारास खाली निघालात तर सव्वातीनपर्यंत बिरकत अल मौझला याल, आणि तिथे दीड तास निवांत घालवूनही अंधार पडण्याआधी महामार्गाला लागलेले असाल. एवढे एक पाळाच, की घाट आणि खडीचा रस्ता उजेडात उतरून झाला पाहिजे.

पावसाबद्दल. जानेवारीत पाऊस क्वचित पडतो, पण पडला तर तो दिवस सोडून द्या. उघड्या खडकात पाणी मुरत नाही. डोंगरात पडलेला पाऊस तासाभरात कोरड्या वादीत लोंढा होऊन उतरतो, तुमच्या डोक्यावर ऊन असले तरीही. रस्ता जिथे वादी ओलांडतो तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब असतात. पाणी लाल पट्ट्यापर्यंत असेल तर गाडी घालू नये, आणि माझे मत विचाराल तर वाहते पाणी दिसले की थांबावे. एप्रिल २०२४ च्या पुरात ओमानमध्ये शाळकरी मुलांसह अनेक जण दगावले. तशा पाण्यात गाडी घालणे कायद्यानेही गुन्हा आहे.

प्रतिसाद

वरील सर्व सूचनांशी सहमत आहे. केवळ उतरणीबद्दल भर घालतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर उतरताना गिअर हाताने खालचा ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडी आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ते निकामी होऊ शकतात. मळमळीची गोळी आईंना घुलला पोहोचण्याच्या निदान अर्धा तास आधी द्यावी, मात्र ती त्यांच्या इतर औषधांबरोबर चालते का, हे गोव्यातच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. त्यांना पुढच्या सीटवर बसवावे. पठाराची उंची सुमारे २००० मीटर आहे आणि दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरते. मस्कतमध्ये २५ अंश असतील तर वर बारा-तेरा अंश आणि वारा धरायचा. गोव्याच्या माणसाला ही थंडी बोचते, तेव्हा कानटोप्या आणि स्वेटर गाडीतच हाताशी ठेवावेत. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी उपाहारगृहे बंद असतात, म्हणून जेवण घरूनच न्यावे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना बिरकत अल मौझबद्दल वाचून दाखवले, तेव्हा मिस्फत सोडायला ते लगेच तयार झाले. आई आपल्यासोबत पाण्यापर्यंत येऊ शकेल, हे त्यांना सर्वांत आवडले. किल्ल्यासाठी भाऊ पुढच्या शुक्रवारी नेणार आहे. फोर व्हील ड्राइव्ह गाडीची चौकशी त्याने सुरू केली आहे. एक शेवटचा प्रश्न : पठारावर मिळणाऱ्या तीन तासांत, आईबाबा गाडीजवळ बसलेले असताना, कड्याच्या पोटातून जाणारी बाल्कनी वॉक ही पायवाट मी आणि मुलगी थोडी तरी चालू शकू का?

प्रतिसाद

संपूर्ण वाट जाऊन येऊन तीन ते चार तासांची आहे, त्यामुळे ती पुरी करण्याचा विचार करू नका. खितैम वस्तीपासून सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटे चालून परत फिरलात तरी दरीचा खोल भाग समोर येतो. वाटेला कठडा कुठेच नाही, म्हणून मुलीला कड्याच्या नव्हे, डोंगराच्या बाजूने चालवा, पायात पकड असलेले बूट असू द्या आणि वारा जोराचा असेल तर वाटेवर उतरूच नका. परतण्याची वेळ भावाला सांगून ठेवा आणि प्रत्येकीजवळ पाण्याची बाटली असू द्या.